अपलोडचं काय?

ठाण्याजवळच्या दिवा उपनगराचा दिवस मध्य रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतो. माणसं कामावरून परततात तीही साधारण एकाच सुमारास, आणि रात्री नऊला घराघरांत नेट एकदमच उघडतं. नेट पुरवणाऱ्याचं गणित मात्र सगळे ग्राहक एका वेळी नेट वापरत नाहीत, यावर बेतलेलं. वरच्या कंपनीकडून जेवढी क्षमता घ्यायची, तिच्या कित्येक पट खाली विकायची. धंदा म्हणून यात गैर काही नाही. पण चाकरमान्यांच्या गावात हे गृहीतक टिकावं कसं?

त्यात व्हिडिओ दोन तऱ्हेचा. केबलवाल्याच्या जुन्या जाळ्यात एकच सिग्नल फुटत फुटत घरोघर पोचे. सामना पाहणारे वाढले म्हणून भार वाढत नसे. स्ट्रीमिंगमध्ये त्याच चेंडूची दर पडद्यासाठी वेगळी प्रत निघते. 19 नोव्हेंबर 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते! तरी यावर उतारा आहे. प्रत दूरवरून न आणता जवळच्या सर्व्हरमधून द्यायची, किंवा मल्टिकास्टने, म्हणजे एकच प्रवाह पाठवून, शेवटच्या स्विचपाशी काढायची.

व्हिडिओ कॉलला हा उतारा चालत नाही. दिवा-सावंतवाडी गाडीने ज्यांचं गाव जवळ ठेवलंय, त्यांचं आईशी होणारं बोलणं कुठल्या सर्व्हरात आधी साठवून ठेवणार? ते जातंही आणि येतंही. जाळी बांधली जातात ती मुख्यतः येणाऱ्यासाठी. घरोघरच्या जीपॉन पद्धतीच्या फायबरवर डाउनलोडला अडीच गिगाबिट, अपलोडला त्याच्या निम्मे. आणि तेही बहुधा 32 किंवा 64 घरांत वाटलेले.

टेलिफोनच्या जाळ्यात मधल्या टप्प्यात किती स्विच ठेवले म्हणजे एकाही कॉलची वाट अडत नाही, हे बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉसने 1953 मध्येच गणिताने दाखवलं. तेव्हा खोळंब्याचं खापर तंत्रावर फोडायला फारशी जागा नाही. खोळंबा होतो तिथे पैसा वाचवलेला असतो. तो कुठे वाचवला हे ग्राहकाला कळू द्या. कनेक्शन कितीजणांत वाटलंय आणि अपलोड किती, हे बिलावर छापा. पण सरकारने पुरवठादाराला हे सांगायचं कुठल्या तोंडाने? जानेवारी 2023 मध्ये केंद्राने ब्रॉडबँडची किमान मर्यादा 512 किलोबिटवरून 2 मेगाबिटवर नेली. त्या व्याख्येत परस्परसंवादी सेवांचा उल्लेख आहे. माप मात्र एकट्या डाउनलोडचं.