तुऱ्याचे गवत की नेचा?

पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांमधून वर्दळ वाढते, आणि त्या वर्दळीत दोन कुंड्यांपुढे ग्राहक हमखास घुटमळतो. एकीत कमानीसारखी वाकलेली बारीक पाती आणि त्यांवर जांभळट, केसाळ तुरे. दुसरीत पिसांसारखी हिरवी पाने आणि मधोमध, मुठी मिटून बसलेली नवी पालवी. पहिले शोभेचे गवत, दुसरा नेचा, म्हणजे बोलीतला ‘फर्न’. दोघांनाही सुंदर फुले नाहीत, दोघांची शोभा पानांचीच, म्हणून ग्राहक त्यांची तुलना रंगारूपावर करतो आणि बहुतेक वेळा चुकतो. कारण ज्या जागी यांतले एक सुखाने नांदते, त्या जागी दुसरे सहसा तग धरत नाही. प्रश्न आवडीचा नसून उन्हाचा आणि पाण्याचा आहे.

गवताला उघडे आकाश हवे. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळाले तरच त्याला तुरे येतात. सावलीत ते लांबट, लोळणारे आणि निस्तेज होते. मुळे जमिनीत बसली की पाण्यावाचून काही दिवस काढण्याची त्याची तयारी असते. नेच्याचे सारे याच्या उलट. दुपारचे ऊन त्याला सोसत नाही, आणि माती एकदा खडखडीत वाळली की नाजूक जातींची पाने एका दिवसात कुरकुरीत होतात. पश्चिमेच्या गॅलरीत हौसेने टांगलेला नेचा एप्रिलमध्ये करपतो, तो निगा कमी पडली म्हणून नव्हे, तर जागाच त्याची नव्हती म्हणून.

नेच्याला इतके पाणी का लागते, याचे उत्तर त्याच्या संसारात आहे. त्याला फूल नाही, फळ नाही आणि बीही नाही. पानाच्या मागच्या बाजूस तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात, त्यांत धुळीसारखे बीजाणू तयार होतात. (अनेक घरांत या ठिपक्यांना कीड समजून औषध फवारले जाते. ठिपके ओळीत, समान अंतरावर असतील आणि नखाने सरकत नसतील, तर ती कीड नव्हे.) ओल्या जागी पडलेल्या बीजाणूपासून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाएवढी, बदामाच्या आकाराची एक हिरवी पापडी उगवते. तिच्यावर नर व मादी पेशी तयार होतात आणि नर पेशीला मादीपर्यंत अक्षरशः पोहत जावे लागते. पाण्याचा तेवढा पातळ थर नसेल, तर पुढची पिढी नाही. म्हणूनच जुन्या विहिरींच्या आतल्या भिंतींवर हंसराज आपोआप उगवतो आणि चार हात वरच्या कोरड्या काठावर त्याचा मागमूस नसतो.

गवताने हे परावलंबित्व केव्हाच टाकले. त्याचे परागकण वाऱ्यावर जातात, बीही बहुधा वाऱ्यावरच. नेच्यांच्या कुळाला ३५ कोटींहून अधिक वर्षे झाली आहेत. त्यापुढे गवत अगदी अलीकडचे. पूर्वी तर डायनोसॉर गेल्यानंतरच गवत आले असे मानत. ही समजूत मोडली ती महाराष्ट्राच्या मातीने. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे सापडलेल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताच्या पात्यांमधील सूक्ष्म सिलिका-कण मिळाले आणि २००५ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. गवताचे पाते बोटाला कापते, ते याच सिलिकेमुळे.

हे दोन विरुद्ध स्वभाव एकदा एकाच बाटलीत नांदले होते. लंडनच्या पूर्व भागात राहणारे डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांना नेच्यांची फार हौस. परंतु कारखान्यांच्या कोळशाच्या धुराने त्यांची सारी रोपे मरून जात. १८२९च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेवला होता. पतंगाचे राहिले बाजूला. मातीवर एक नेचा आणि एक गवत उगवले. बाटलीतील वाफ दिवसा काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. वरून थेंबभर पाणी न घालता ती जोडी तीन वर्षांहून अधिक काळ जगली. गवताला एकदा फुलोराही आला. शेवटी झाकण गंजले, पावसाचे पाणी आत गेले आणि दोन्ही कुजली. या अनुभवातून वॉर्ड यांनी काचेच्या बंद पेट्या घडविल्या. १८३३ साली त्यांतून नेचे आणि गवते जहाजाने सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली, आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची रोपे भारतात आणली तीही अशाच पेट्यांतून. सकाळच्या चहाच्या कपाशी नेच्याचा असा दूरचा संबंध आहे.

याच पेट्यांमुळे इंग्लंडात घरोघर नेचे आले आणि त्याचे रूपांतर वेडात झाले. चार्ल्स किंग्जली यांनी १८५५ साली या वेडाला ‘टेरिडोमेनिया’ असे नावच दिले. रानातून नेचे उपटून विकण्याचा धंदा इतका वाढला की किलार्नी नावाचा अर्धपारदर्शक पानांचा नेचा आयर्लंड व ब्रिटनमधील अनेक ठिकाणांहून नाहीसा झाला.

ही हकिगत परकी वाटत असेल, तर पावसाळ्यात घाटरस्त्याच्या कडेला नजर टाकावी. शेवाळ्यासकट खरवडलेले नेचे पिशवीत भरून नेणारे हौशी पर्यटक दिसतात. झाडाच्या खोडावर वाढणारा बाशिंग हा नेचा तर औषधी म्हणूनही तोडला जातो. असा उपटलेला नेचा शहरात क्वचितच जगतो. त्याच्या सवयीचा दगड, धुके आणि सावली पिशवीतून येत नाहीत. शिवाय सह्याद्रीतील कित्येक नेचे उन्हाळ्यात वरून पूर्ण वाळून जमिनीखाली झोपतात. घरचे लोक मेला म्हणून टाकून देतात. नेचा हवा असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलाच घ्यावा, आणि विक्रेत्याला तो कोठून आणला हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

गवताच्या बाबतीत धोका उलट दिशेचा आहे. तिथे रान बागेत येत नाही, बाग रानात जाते. तुऱ्यांचे ‘फाउंटन ग्रास’ मूळचे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियाकडील. हवाई बेटांवर ते शोभेसाठी नेले गेले आणि लाव्हाच्या उघड्या पठारांवर पसरले. वाळल्यावर ते पेट घेते, आगीनंतर पुन्हा तेच आधी फुटते आणि मूळची झाडे मागे पडतात. युरोपीय संघाने २०१७ साली त्याचा समावेश घातक परकीय प्रजातींच्या यादीत केला. जांभळ्या पानांचा प्रकार बहुधा वांझ असतो, तो त्या मानाने निर्धोक. हिरव्या पानांचा, भरपूर बी धरणारा प्रकार माळरानाला लागून असलेल्या बंगल्यात लावणे शहाणपणाचे नाही.

मग तुऱ्याची हौस सोडावी काय? मुळीच नाही. आपल्याकडे वाळा आहे. माठात टाकण्यापुरताच तो लोकांना ठाऊक असतो. परंतु सरळ उंच पात्यांचा त्याचा ठोंब कुंपणाशी रांगेने लावला तर कोणत्याही परदेशी गवताच्या तोडीचा दिसतो. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, मोकळ्या जमिनीत ३ मीटर किंवा अधिकही, म्हणून उताराची माती धरून ठेवण्यासाठी त्याची लागवड करतात. दक्षिण भारतात लागवडीखाली असलेल्या प्रकाराला तुरा आला तरी त्याचे बी सहसा रुजत नाही. कुंडीत लावायचा तर ती खोल हवी.

सोलापूर-लातूरसारख्या भागात, जिथे उन्हाळ्यात सोसायटीच्या दारी टँकर उभा राहतो, तिथे नेच्यांचा वाफा करणे हा पाण्याचा अपव्यय आहे, हे स्पष्ट म्हटलेले बरे. तिथे अंगणात वाळा लावावा आणि नेच्याची हौस उत्तरेच्या खिडकीतील एका कुंडीवर भागवावी. कोकणात, गोव्यात, महाबळेश्वरी नेमके उलट: तिथे नेचा न लावताही येतो, आणि पावसाळाभर पाणी साचणाऱ्या सावलीत गवताचा ठोंब कुजतो. पुण्यासारख्या मधल्या हवेत भिंतीची दिशा पाहून ठरवावे.

कुंडीतल्या नेच्याला पालापाचोळ्याचे खत आणि नारळाच्या काथ्याचा भुगा घातलेली भुसभुशीत माती द्यावी. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने पानांच्या कडा करपतात; पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर उत्तम. गवताला एवढे लाड लागत नाहीत. वर्षातून एकदा, मेच्या अखेरीस, विळ्याने जमिनीपासून वीतभर ठेवून सगळे छाटावे आणि पहिल्या पावसानंतर मोठा झालेला ठोंब विभागून लावावा. छाटलेली वाळकी पाती फेकू नयेत, आणि जाळू तर नयेतच. बारीक तोडून नेच्याच्या मातीवर अंथरली की तिची ओल अधिक काळ टिकते.