मांजराला सहल नको असते



जून उजाडला की आमच्या बे एरियातल्या मराठी जैन घरांत एकच विषय चालतो, आरव्ही. भाड्याची भली मोठी गाडी, तिच्यातच ओटा, फ्रिज, पलंग आणि संडास. आपल्यासारख्यांची यात किती सोय होते हे मला चांगलं माहीत आहे. सूर्यास्ताच्या आत जेवायचं, कंदमूळ नको, पाणी गाळलेलं हवं, असल्या माणसांनी अमेरिकेच्या हायवेवर खायचं तरी काय? आपला कुकर आणि आपलं गाळणं बरोबर असलं की तो प्रश्न मिटतो. तेव्हा आरव्हीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्यात घालून पंधरा-पंधरा दिवस फिरवल्या जाणाऱ्या मांजरांबद्दल.

हे खूळ हल्ली वाढलं आहे. ग्रुपवर फोटो येतात. डॅशबोर्डवर मांजर, मागे डोंगर, खाली लिहिलेलं, ‘आमचं पिल्लूसुद्धा सहलीला!’ त्याखाली बदामांची रांग. मी आजवर एकदाही तिथे बदाम टाकलेला नाही, आणि का टाकला नाही हे आज सगळं लिहिते.

कुत्रा माणसाला धरून राहतो, मांजर जागेला धरून राहतं. सांगलीच्या वाड्यात माझी आजी हे सांगायची आणि इथला प्राण्यांचा डॉक्टरही तेच सांगतो. जॉन स्टाइनबेक १९६० साली कॅम्पर घेऊन अख्खी अमेरिका फिरला, १९६२ साली त्याचं पुस्तक आलं, पण त्याच्या शेजारी बसला होता चार्ली नावाचा पूडल कुत्रा. कुत्र्याला मालक दिसला की त्याचं घर पूर्ण झालं. मांजर दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला गाल घासतं ते लाडात येऊन नव्हे, तिथे ते स्वतःचा वास ठेवत असतं. त्या वासांवर त्याचं घर उभं असतं. आपण ते घर काढून घेतो, त्याला हलत्या डब्यात बसवतो आणि रोज संध्याकाळी दारापुढचं गावही बदलतो. वर म्हणायचं, बघा किती एन्जॉय करतंय! अंग चोरून, डोळे मोठे करून एका जागी बसलेलं मांजर शांत नसतं हो, ते घाबरलेलं असतं.

अशा एका सहलीला मी स्वतः गेले आहे. फ्रीमाँटहून यलोस्टोन, एका बाजूने नऊशेच्या वर मैल. मैत्रिणीचं कुटुंब, मी, एक मांजरी आणि एक बोका. नेवाडाचा तो सरळसोट रस्ता, बाहेर जुलैचं ऊन, आणि आत बोका लाळ गाळत, तोंड उघडं टाकून धापा टाकतोय. एल्को येईपर्यंत त्याने पाण्याला तोंड लावलं नाही की वाळूत पाय ठेवला नाही. घरातल्या मुलींना वाटलं, शहाणा आहे, घाण करत नाही. मैत्रिणींनो, बोक्याने लघवी न करणं हा शहाणपणा नसतो. ताणाने मांजरांना लघवीचा त्रास होतो, आणि बोक्याची नळी अरुंद असल्याने ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. तसंच खाण्याचं. आपण उपवास करतो म्हणून मांजरालाही दोन दिवस न खाणं सोसेल असं नाही. अंगाने भरलेलं मांजर दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते आजारी पडतं. आमच्या बोक्याचं निभावलं. रात्री उशिरा त्याने माझ्या गोधडीवर कार्यभाग उरकला आणि मला इतका आनंद झाला की मी गोधडी धुताना कुरकुरलेसुद्धा नाही.

आता उकाड्याचं ऐका, कारण यात आपल्या स्वयंपाकाचा थेट संबंध आहे. बाहेर ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या भाषेत २१ सेल्सिअस, इतकी सुखाची हवा असली तरी उन्हात उभी केलेली बंद मोटार अर्ध्या तासात १०० फॅरनहाइटच्या पुढे जाते. आरव्ही मोठी म्हणून जरा सावकाश तापत असेल, पण तापते. मग एसी लावून ठेवतात आणि मंडळी बाहेर पडतात. पण कॅम्पग्राउंडवर बऱ्याच ठिकाणी ३० अँपिअरची जोडणी असते. तिच्यावर एसी चालू असताना इंडक्शनची शेगडी किंवा मायक्रोवेव्ह लावलात की ब्रेकर पडतो. आपल्याला सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, म्हणजे आपला स्वयंपाक नेमका भर उन्हाच्या तिसऱ्या प्रहरी. आम्ही गाडीत होतो म्हणून ब्रेकर पडला तो कळला. आपण धबधबा बघायला गेलेलो असताना एसी बंद पडला, तर ते कोणाला कळणार? फोनवर तापमान कळवणारी यंत्रं मिळतात, पण ती मोबाइलच्या सिग्नलवर चालतात, आणि डोंगरात सिग्नल शोधायला आपणच फोन हात उंच करून धरतो.

आणि ते स्लाइड-आउट! बटण दाबलं की गाडीची भिंतच बाहेर सरकते, खोली मोठी होते. परत आत घेताना त्या फटीत, यंत्राच्या पोकळीत मांजर दडलेलं असेल तर काय होईल ते मी लिहीत नाही. आमची मांजरी एकदा सापडेना, तेव्हा चाळीस मिनिटं आम्ही कोणी बटणाला हात लावला नाही. ती निघाली सिंकखालच्या कपाटामागून.

बरं, एवढं करून यलोस्टोनमध्ये काय? तिथला नियम असा की पाळीव प्राणी रस्ता, पार्किंग आणि कॅम्पग्राउंडपासून १०० फुटांच्या आतच न्यायचे, तेही सहा फुटांच्या आतल्या दोरीने बांधून. पायवाटांवर नाही, गरम झऱ्यांजवळच्या लाकडी फळ्यांवर तर मुळीच नाही. म्हणजे ज्याच्यासाठी नऊशे मैल आलो त्यातलं काहीही मांजराला दिसणार नाही. आम्ही पाळ्या लावल्या. चौघं ओल्ड फेथफुल बघायला, एकजण गाडीत मांजरांना राखायला. ही सहल नेमकी कोणाची होती, मला अजून कळलेलं नाही.

पाठशाळेत आपण मुलांना अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार शिकवतो. त्यात प्राण्याला मारणं आहे, अवयव छेदणं आहे, अति ओझं लादणं, अन्नपाणी रोखणं आहे, आणि ‘बंध’ही आहे, म्हणजे प्राण्याला बांधून, कोंडून ठेवणं. मुलं लगेच बैलगाडीचं उदाहरण देतात. बैल आता आपल्यापैकी कोणाच्या दारात आहे? दारात आहे ती आरव्ही. नाइलाजाने कोंडणं वेगळं. घर बदलायचं आहे, टेक्सासला नोकरी लागली आहे, तर मांजराला न्यावंच लागेल. तेव्हा महिनाभर आधी पिंजऱ्याची सवय करा, डॉक्टरांना विचारा, प्रवासाच्या भीतीवर ते गॅबापेंटिनसारखं औषध देतात. चिप बसवून घ्या. आणि ती चिप म्हणजे तांदळाएवढा तुकडा, त्यात फक्त नंबर असतो. हरवलेलं मांजर ती शोधून देत नाही, सापडलेलं ओळखून देते. पण आपली हौस हा नाइलाज नव्हे.

‘मग काय एकटं टाकून जायचं? बोर्डिंगमध्ये पिंजऱ्यात ठेवायचं?’ हे मला दरवर्षी ऐकवलं जातं. टाकून जा असं कोण म्हणतं? मांजर घरी राहू दे, त्याच्या खिडकीत, त्याच्या वासात, आणि सकाळ-संध्याकाळ कोणी तरी येऊन दाणे-पाणी, वाळू बघून जाऊ दे. मांजराला यापेक्षा जास्त काही नको असतं.

आता खरं कारण सांगते, जे ग्रुपवर कोणी लिहीत नाही. मांजरं आरव्हीत जातात, कारण मागे त्यांचा टिन उघडायला आपल्यापैकी कोणी तयार नसतं. ज्या बाईकडे मांजर आहे ती शेजारच्या जैन मैत्रिणीला विचारूच शकत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘अगं, त्यात मांस असतं ना, मी हात कसा लावू?’ मग ती गोरी शेजारीण शोधते, ती नसली की मांजर गाडीत. म्हणजे आपला हात स्वच्छ राहावा म्हणून एका पंचेंद्रिय जीवाने पंधरा दिवस धापा टाकायच्या.

मला करणं, करवणं आणि अनुमोदन देणं यातला फरक कोणी समजावू नये, तो मलाही शिकवलेला आहे. मांस खाणारा प्राणी घरात आणावा का, हा वाद जरूर घाला, पण तो मांजर आणण्याआधी घाला. (मांजराला शाकाहारावर ठेवण्याबद्दल वेगळं लिहीन. टॉरिन पुरेसं मिळालं नाही तर मांजराची नजर आणि हृदय दोन्ही जातं, एवढं तोवर लक्षात असू द्या.) मांजर घरात आलेलं आहे, टिन विकत घेतलेला आहे. तुम्ही हात मागे घेतल्याने त्यातलं काहीच उलटं फिरत नाही, फक्त भुकेलं कोण राहणार तेवढं ठरतं. गेल्या पर्युषणात एक मैत्रीण आजारी आईसाठी भारतात गेली होती. तिच्या मांजरीला मी अकरा दिवस खाऊ घातलं. हातमोजे घालायचे, चमचा वेगळा, घरी येऊन अंघोळ. माझं व्रत मोडलं असं ज्यांना वाटतं त्यांनी मला समोर येऊन सांगावं. पाठीमागून सांगितलेलं माझ्यापर्यंत पोचलेलंच आहे.

या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीतली दोन घरं ग्रँड कॅन्यनला निघाली आहेत. मिळून तीन मांजरं. मी दोघींना सांगितलं आहे, किल्ल्या माझ्याकडे द्या आणि निर्धास्त जा. सकाळची वेळ मी घेतली आहे, संध्याकाळी मला कोणी हवं आहे. टिनला हात लावायचा नसेल तर लावू नका, तो मी सकाळी उघडून वाटीत काढून फ्रिजमध्ये झाकून ठेवीन. तुम्ही पाणी बदला, वाळू उपसा आणि दहा मिनिटं तिथे बसा. फ्रीमाँट किंवा मिल्पिटासच्या आसपास राहणाऱ्यांनी कळवा, दोघी मिळाल्या तर पाळ्या लावू.