उंट की घोडा?

उंट आणि घोडा या दोघांचीही किंमत तीन प्याद्यांइतकी असते, असे आपण मुलांना शिकवतो. मीही तेच शिकवले आणि वर पुस्ती जोडली, "डाव संपत आला की उंटच राखा." त्या पुस्तीने आमच्या देवगाव रंगारीतील एका नववीच्या मुलाचा हातचा डाव गेला.

त्याच्याजवळ राजा, उंट, घोडा आणि पटाच्या अगदी कडेचे एक प्यादे उरले होते. समोर राजा आणि घोडा. तो घोडा मारताना आपला उंट द्यावा की घोडा, एवढाच प्रश्न होता. त्याने घोडा दिला. पण प्यादे ज्या कोपऱ्यात वजीर होणार ते घर काळे, आणि उंट पांढऱ्या घरांचा! समोरचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला. उंट त्याला हुसकावू शकला नाही. डाव बरोबरीत सुटला. मुलगा म्हणाला, "काका, तुम्हीच सांगितले होते ना?" त्या दिवशी मजजवळ उत्तर नव्हते, ते आज देतो.

उंट लांब पल्ल्याचा. मोकळ्या पटावर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तो एका खेळीत जातो. घोड्याला सहा खेळ्या लागतात. म्हणून प्यादी पटाच्या दोन्ही बाजूंना असतील तर उंट राखावा. १९७१ साली व्हँकुव्हर येथे बॉबी फिशरने तैमानोव्हविरुद्ध चौथा डाव असाच उंटाच्या बळावर घोड्याविरुद्ध जिंकला.

परंतु उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांत फिरतो. अर्धा पट त्याला परकाच. घोडा हळू चालतो, पण दोन्ही रंगांवर जातो. सर्व प्यादी एकाच बाजूला असतील, किंवा एकमेकांना अडवून बसली असतील, तर घोडा भारी ठरतो. आमच्या त्या मुलाने घोडा राखला असता आणि प्यादे घाईने सातव्या ओळीत ढकलले नसते, तर राजाच्या साथीने डाव जिंकता आला असता.

घोड्याला मात्र कडेला ठेवू नये. घरी करून पाहा. घोडा पटाच्या कडेच्या मधल्या घरात ठेवा. त्या कडेपासून सरळ आत, मध्ये दोन घरे सोडून, विरुद्ध बाजूचा उंट ठेवा. घोड्याच्या चारही वाटा बंद!

एकट्या राजावर दोन उंट हमखास मात करतात. दोन घोडे समोरच्याची चूक झाल्याशिवाय करू शकत नाहीत. उंट आणि घोडा मिळून करतात, पण उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच, आणि तेही पन्नास खेळ्यांच्या आत. २०१३ साली जिनिव्हात तेव्हाची महिला विश्वविजेती ॲना उशेनिना हिलाही ते साधले नाही, डाव बरोबरीत सुटला. तेव्हा आपल्या मुलांना ते लगेच जमले नाही म्हणून रागावू नका.

मारामारी करण्याआधी मुलांनी तीन गोष्टी पाहाव्यात : प्यादी कोठे आहेत, ती मोकळी आहेत की अडकलेली, आणि वजीर होण्याचे घर कोणत्या रंगाचे आहे. त्या मुलाला मी माझी चूक कबूल केली. आता तो मला विचारत नाही, आधी पट पाहतो. मला तेच हवे होते.