ठोकळे चिकटवू नका

रंगवलेल्या लाकडी ठोकळ्यांचे छोटेसे शोभेचे घर करणे हा उद्योग अगदी निरुपद्रवी समजला जातो. कार्यानुभवाचा तास, उन्हाळी छंदवर्ग, प्रदर्शनातले टेबल आणि शेवटी बैठकीतील काचेचे कपाट असा त्याचा ठरलेला प्रवास असतो. मराठी शिकवणाऱ्यांनी या विषयावर लेखणी उचलावी, हे काहींना हास्यास्पद वाटेल. आमचे म्हणणे मात्र असे की, ज्या क्षणी या घराला सरस लागतो, त्या क्षणी मुलाच्या हातून काहीतरी मोलाचे काढून घेतले जाते. आणि ती उणीव पुढे मराठीच्या एम. ए.च्या वर्गापर्यंत त्याची सोबत करते.

हे घर होते कसे, ते आधी पाहू. लाकडाचे तुकडे काचकागदाने घासायचे, पांढरे अस्तर द्यायचे, त्यावर रंग चढवायचा. चौकोनी ठोकळ्यांच्या भिंती, त्यांवर त्रिकोणी ठोकळ्याचे लालभडक छप्पर आणि छपरावर एका बाजूस इवलेसे धुराडे. मग सर्व काही फेव्हिकॉलने पक्के करायचे, वरून वार्निश. बहुतेक वेळा घासण्याचे काम वडील करतात, रंगाचे आई करते आणि मूल त्यावर नाव घालते. गुण मिळतात ते सफाईला.

आता कारंजा तालुक्यातल्या कामरगावी, किंवा वऱ्हाडातल्या कोणत्याही जुन्या वस्तीत उभे राहून विचारावे, की हे धुराडे आले कोठून? आमच्याकडील जुनी घरे धाब्याची किंवा कवेलूंची; नव्यांवर टिन आहे, नाही तर स्लॅब. धाब्याचे छप्पर सपाट: तुळया, त्यांवर किलचन आणि वर पांढऱ्या मातीचा थर. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा'त (१९१५) ज्या काळी-पांढरीचा संसार आला आहे, त्यातली ही पांढरी. म्हणजे ठोकळ्यांनी रचायला सर्वांत सोपे घर कोणते असेल तर ते आमचेच. चौकोनावर चौकोन ठेवला की झाले. तरीही मुलाच्या हाती त्रिकोण दिला जातो, कारण 'घर' म्हणजे काय हे रचण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. ज्या घरात ते मूल झोपते ते घर त्याला दिसत नाही. ज्याच्या धुराड्यातून त्याने कधी धूर निघताना पाहिला नाही, ते मात्र तोंडपाठ असते.

ठोकळ्याला शिक्षणाचे साधन म्हणून ज्याने प्रतिष्ठा दिली, त्या फ्रीड्रिख फ्रोबेलचा हेतू नेमका याच्या उलट होता. १८३७ साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे त्याने बालशिक्षणाच्या कार्याला आरंभ केला. त्याच्या ज्या 'देणग्या' शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून आपण वाचतो, त्यांतील तिसरी म्हणजे ८ लहान घनांत विभागलेला एक लाकडी घन. रंग होता तो पहिल्या देणगीतील लोकरीच्या चेंडूंना. ठोकळे कोऱ्या लाकडाचे होते. मुलाने त्यांचे घर करावे, मग तेच तुकडे सरकवून खुर्ची करावी, मग नुसतीच एखादी सुंदर आकृती. आणि खेळ संपला की आठही तुकडे जुळवून पुन्हा अखंड घन करून पेटीत ठेवावा. जीवनातील वस्तूंची रूपे, ज्ञानाची रूपे आणि सौंदर्याची रूपे या तिन्ही गोष्टी त्याला त्याच आठ तुकड्यांतून हव्या होत्या. सरस लावल्याबरोबर या तिहींपैकी एकच उरते, तेही कायमचे.

यावर आक्षेप येईल, की मग शोभेला तुमचा विरोध आहे काय? मुळीच नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतील रंगीत लाकडी फळे आणि भातुकलीची भांडी शोभिवंतच असतात. पण ती कारागिराची कला आहे, तिच्यामागे पिढ्यांचा सराव आहे, आणि ती भांडी मांडायची-मोडायची असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विदर्भातला तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी तर पिढ्यानपिढ्या जपला जातो, तो कोठे मोडतो? मोडत नाही, हे खरे. पण त्याला चाके असतात, गळ्यात दोरी असते. दरवर्षी त्याला नव्याने सजवून पोरे घरोघर ओढत नेतात आणि बोजारा मागतात. तो टिकतो तो वापरात राहून, काचेआड राहून नव्हे.

आपल्या संस्कृतीतील लहानग्या वस्तूंचा हा धर्मच आहे. भातुकलीचा संसार संध्याकाळी आवरला जातो, दिवाळीतला किल्ला दिवाळीनंतर ढासळतो. मोडणे हा त्या रचनेचा अपमान नसून पुढल्या रचनेची सोय असते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरातल्या बिया, शंख-शिंपले, काटक्या हीच साधने मानली. त्यांची मांडणी रोज नव्याने होऊ शकते, हेच त्यांचे मोल.

या साऱ्याचा साहित्याशी संबंध काय? आमच्या दृष्टीने तो अगदी थेट आहे. शब्द हे ठोकळेच आहेत. मोजके असतात, रचना अगणित. परंतु गाईडांनी आणि छापील आदर्श उत्तरांनी विद्यार्थ्याच्या हाती शब्द ठेवलेलेच नाहीत, चिकटवलेली घरे ठेवली आहेत. 'लेखकाने ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण केले आहे' हे वाक्य कोणत्याही कादंबरीवर बसते, कारण ते कोणत्याही एका कादंबरीसाठी रचलेले नसते. तेही छपरावरचे धुराडेच. ज्या मुलीचा बाप तुरीच्या वावरात राबतो, तीही हेच वाक्य लिहिते आणि तिच्या घरचे शब्द वहीबाहेर राहतात. तिच्यापाशी अनुभव नाही असे नव्हे. रचून पाहण्याची, मोडण्याची मुभा तिला कधी मिळालेली नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ठोकळे द्या, हवे तर रंगवून द्या. पण सरसाची बाटली कपाटात ठेवा. त्रिकोणी तुकडा आधी देऊ नका. मुलाने आपले राहते घर रचावे, त्यातली चूल कोठे आणि गोठा कोठे ते स्वतःच्या बोलीत सांगावे, मग मोडून शेजाऱ्याचे रचावे. गावात सुतार असेल तर त्याला वर्गात बोलवा. वाकस, रंधा, पटाशी हे शब्द त्या वस्तूंसह मुलांच्या कानी पडू द्या. गुण सफाईला न देता, किती वेळा रचले आणि प्रत्येक वेळी काय बदलले, याला द्या. प्रदर्शनाच्या दिवशी टेबल रिकामे दिसेल, पाहुण्यांची थोडी निराशा होईल. तेवढी किंमत मोजायची शाळांची तयारी आहे काय, एवढेच आम्हांला विचारायचे आहे.