आधी झाड सांगा

गोंदिया जिल्ह्यात समुद्री गोगलगाय सापडली आहे. निदान नागझिऱ्यातल्या एका गाईडच्या मोबाइलमधल्या ॲपचं तसं म्हणणं आहे. त्याने मला फोटो पाठवून विचारलं, “हे का होय जी मॅडम?” पोपटी अंग, पाठीवर निळे पट्टे, दोन्ही कडांना काट्यांचे झुबके, काहींची टोकं शेंदरी. ॲपला हसू नका. समुद्रात बुडी मारणाऱ्यांना खडकांवर असेच भडक रंगांचे, कवच नसलेले जीव दिसतात. नुसत्या रंगावर विसंबलं तर कोणीही फसेल.

प्राणिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, पण असे फोटो येणं थांबलेलं नाही. मी त्याला उलट विचारलं, झाड कोणतं? एकटी होती की घोळक्यात? चालत होती की सरकत? उत्तर आलं, गावातल्या आंब्याच्या पानामागे, सात-आठ जणी एकत्र, सरकत. मग प्रश्न बराचसा सुटला. ही पतंगाची अळी, लिमाकोडिडी कुळातली, बहुधा परासा लेपिडा. या कुळातल्या अळ्यांचं डोकं छातीच्या घडीत दडलेलं असतं आणि पोटाखालचे पाय जवळजवळ नाहीसे झालेले असतात, म्हणून त्या पोटावर घसरत जातात. पुढे अळी गोल, टणक कोष करते. त्याचं झाकण उघडून हिरव्या पंखांचा, तपकिरी काठाचा पतंग बाहेर येतो. गाईडला पक्कं नाव हवं होतं. एका फोटोवरून मी ते देणार नाही. कोषातून पतंग निघू दे, मग बोलू.

असली घासाघीस म्हणजे निवृत्त मास्तरणीचा हट्ट, असं कोणी म्हणेल. त्यांनी २०२२ चा पावसाळा आठवावा. बीड, नगर भागात उसात-गवतात काम करणाऱ्या शेतकऱ्यांना याच कुळातल्या अळ्यांचा डंख झाला. वेदना खरी होती, काहींना दवाखाना गाठावा लागला. पण मोबाइलवर ती ‘घोणस अळी’ झाली आणि सापाच्या नावाबरोबर सापाची भीतीही गावोगाव पोचली. ही पूर्वीपासून इथे असलेली काटेरी अळी आहे, घाबरू नका, असं कीटकशास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. फोटो हजारोंनी फिरले. त्यांतल्या कितींबरोबर पिकाचं नाव, गाव आणि तारीख होती?

फोन नव्हता तेव्हा नोंदीचं हे काम जास्त नेटकं होत असे. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी वॉल्टर इलियट यांनी जमवलेल्या समुद्री गोगलगायींवर ऑल्डर आणि हॅनकॉक यांचा निबंध १८६४ साली छापून आला. मद्यार्कात बुडवलं की या जिवांचा रंग उडतो, अंग आक्रसतं. म्हणून इलियट यांनी जिवंतपणीच काढून घेतलेली चित्रं आणि टिपणं महत्त्वाची. पाण्यातही प्रश्न तोच, खात काय होती? बऱ्याच जाती ठरावीक स्पंजावर किंवा जलव्यालाच्या ठरावीक समुद्री भाऊबंदांवर जगतात. काही तर खाल्लेल्या भक्ष्याच्या डंखपेशी आपल्या पाठीवर साठवून स्वतःच्या रक्षणासाठी वापरतात. आपली अळी मात्र स्वतःचं विष स्वतः बनवते.

आता पुन्हा नागझिऱ्याकडे येऊ. त्याला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०१३ पासून तो नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वाघाचा एकेक पट्टा इथे ओळखला जातो, ते योग्यच. पण जिप्सीतून उतरायचं नाही आणि वाघ दिसेपर्यंत कुठे थांबायचं नाही, अशा पर्यटनात पानामागचं जग कोण पाहणार? ते गाईड पाहतात, वनमजूर पाहतात, मोहफुलं वेचणाऱ्या बाया पाहतात. त्यांनी पाहिलेलं कोणी लिहून घेत नाही.

पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी, प्रत्येक गेटवर गाड्यांची नोंद होतेच. वनविभागाने त्याच टेबलावर आणखी एक वही ठेवावी: तारीख, जागा, झाड, काय करत होतं, फोटो कोणाकडे आहे. गाईडांच्या प्रशिक्षणात एक दिवस किड्यांसाठी द्यावा. याला निधी लागत नाही, इच्छा लागते.

आणि वाचकहो, अशी अळी दिसली तर हात लावू नका. काटे टोचलेच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ते उपटून काढा, साबणाने धुवा, बर्फ लावा. श्वास जड झाला तर लगेच डॉक्टर गाठा. फोटो मात्र जरूर पाठवा, त्या झाडाच्या पानासकट.