गुणगुण पिकअपची की वायरिंगची?

पिकअप म्हटले की मोंढ्यातील आपल्या व्यापारी बांधवांना माल वाहणारी गाडी आठवेल. येथे विषय आहे तो इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसविलेल्या लहानशा पट्टीचा. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार फेरे दिले की पिकअप तयार होतो. वर गिटारची तार थरथरली की त्यात अल्पशी वीज निर्माण होते व तीच अॅम्प्लिफायरमधून आवाज होऊन बाहेर पडते.

परंतु हे वेटोळे फक्त तारांचेच ऐकते असे नाही. जवळचा ट्रान्स्फॉर्मर, पंख्याची मोटर, लायटिंगचा डिमर यांची ५० सायकलची वीजही ते पकडते. म्हणून शादीच्या मांडवात गिटारवाला थांबला तरी गुणगुण थांबत नाही. कव्वालीच्या साथीला विजेवरचा बेंजो घेणाऱ्यांनाही हा त्रास चांगला ठाऊक आहे.

१९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये एका वेटोळ्याचे तीन पिकअप होते. त्याच नमुन्याच्या गिटारी आजही दुकानोदुकानी दिसतात. १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेठ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडून गुणगुण मारण्याच्या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. गुणगुण गेली, पण त्याबरोबर आवाजातील खणखणही गेली. दोन्ही साधावे म्हणून पुढे एका वेटोळ्याच्याच आकारात दोन वेटोळी बसविलेले ‘नॉइसलेस’ पिकअप निघाले. आजचा प्रश्न त्यांचा आहे, कारण साध्या गिटारवर असा संच बसविला तर तो गिटारच्याच किमतीला जाऊन भिडतो.

आमचे स्पष्ट मत असे की दुकानदाराने तीन गोष्टी तपासल्याशिवाय हा माल ग्राहकाच्या गळ्यात मारू नये. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही गुणगुण कायम असेल तर दोष केबलचा, अॅम्प्लिफायरचा किंवा अर्थिंगचा आहे, पिकअपचा नव्हे. तारांना हात लावताच खरखर कमी झाली तर गिटारच्या पोकळीत तांब्याची पातळ पट्टी चिकटवून ती अर्थला जोडा, खर्च थोडकाच. गिटार हातात धरून जागेवर वळलात आणि गुणगुण कमी-जास्त झाली, तरच दोष वेटोळ्याचा समजावा.

त्यातही ग्राहकाला विचारा की तो पाच घरांच्या स्विचवर कोणत्या घरात वाजवतो. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर दुसऱ्या व चौथ्या घरात गुणगुण आपोआप मरते. तेथेच वाजविणाऱ्याला नवा संच कशाला?

घ्यायचाच असेल तर प्रकार दोन. एक वेटोळे दुसऱ्याखाली ठेवलेला ‘स्टॅक’ पिकअप मूळ आवाजाच्या अधिक जवळ राहतो. गझलेच्या मागे सुटे सूर छेडणाऱ्याने तो घ्यावा. दोन अरुंद वेटोळी शेजारी-शेजारी असलेला ‘रेल’ पिकअप जोरकस व जाड वाजतो. ऑर्केस्ट्रात धूमधडाका करणाऱ्याला तो बरा. जुन्या पिकअपची हुबेहूब खणखण दोन्हींत मिळेलच असे नाही, हे विकण्याआधी सांगावे. मालातला ऐब झाकून विकलेला सौदा कसला? आणखी एक गोष्ट: जुना व्हॉल्यूम कंट्रोल बहुधा २५० किलोओहमचा असतो. नव्या पिकअपला तो चालेल की नाही, हे कंपनीच्या कागदावर पाहावे. न पाहता जोडल्यास आवाज दबलेला येतो आणि बोल पिकअपला लागतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते. गुणगुण घालविण्यासाठी अॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन मोडण्याची खोड आपल्याकडील कित्येक साउंडवाल्यांना आहे. गुणगुण जाते खरी. पण गिटारच्या तारा अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. आत कोठे वायर सुटून पत्र्याला टेकली तर २३० व्होल्ट थेट वाजविणाऱ्याच्या बोटात, आणि त्याचे ओठ माइकवर! १९७२ साली इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, स्वान्सी येथे लेस हार्वे हा तरुण गिटारवादक रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. भाड्याने साउंड देणाऱ्या आपल्या भावांनी पिन शाबूत ठेवावी व जनरेटरला जमिनीत अर्थिंग द्यावी. मांडववाल्याची घाई ही सबब होऊ शकत नाही.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाणा व वाळूजच्या कारखान्यांमुळे मोटर वाइंडिंगचे हात मुबलक आहेत. मिरजेच्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांचे काम सोडून सतार-तंबोरा धरला व २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या वाइंडरलाही तुटलेला पिकअप पुन्हा गुंडाळता येण्यासारखा आहे. मात्र हा बेचाळीस गेजचा धागा मोटरच्या ताणाने ओढला तर तुटतो, तेव्हा ताण हाताने सांभाळावा. फेरे पूर्ण झाल्यावर वेटोळे वितळलेल्या मेणात बुडवून घ्यावे, नाहीतर मोठ्या आवाजात तो शिट्टी मारतो. पहिले चार पिकअप वाया जातील, तेव्हा ते भंगारातल्या गिटारवरच करून पाहावेत.