हासळी मोडली तर...

संक्रांत जवळ आली की नारायणगुड्यातील गच्च्या मुलांनी भरून जातात. पतंगामागे धावताना एखादा मुलगा खांद्यावर आपटतो आणि घरात घाबरगुंडी उडते. दुचाकीवरून घसरलेल्या मोठ्यांचेही तेच. अशा वेळी पुष्कळदा मोडते ते गळ्याखालचे हासळीचे हाड. पाठ्यपुस्तकांत त्यास जत्रुक म्हणतात; सुश्रुताने त्यास ‘अक्षक’ म्हटले आहे.

हात आणि धड यांना जोडणारा हाडांचा दुवा हा एवढाच. त्यामुळे खांद्यावर पडल्यास सारा आघात त्याच्यावर येतो आणि ते बहुधा मधोमध मोडते. खांदा खाली उतरलेला आणि दुखरा हात दुसऱ्या हाताने सावरून धरलेला, ही त्याची खूण. क्ष-किरण चित्राने निदान पक्के होते.

आपल्या शहरात हाड मोडले की शेजारी आपुलकीने ‘पुत्तूर कट्टू’ सुचवितात. पुत्तूरची ही बांधणी जुनी, लोकांच्या विश्वासाची. मोडलेला भाग स्थिर ठेवावा हे तत्त्व तिचे आणि रुग्णालयाचेही. परंतु हासळीच्या खालूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी व मज्जातंतू जातात. फुप्फुसाचे टोकही जवळच असते. म्हणून चित्र काढल्यावाचून घट्ट पट्टी बांधणे व मोडल्या जागी तेल चोळणे टाळावे. हाड त्वचेतून बाहेर आले, हात गार वा बधिर पडला, श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

एरवी बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. तुकडे फार दूर सरकले असतील तर शल्यचिकित्सक पट्टी व स्क्रू बसविण्याचा विचार करतात. पूर्वी पाठीवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी आवळीत. आता बहुधा साधी झोळीच देतात, कारण गुण सारखाच येतो आणि रुग्णास त्रास कमी होतो. पहिले काही दिवस पाठीशी उशा लावून निजावे.

खरी कसोटी पुढेच असते. दोन-तीन आठवड्यांत दुखणे ओसरते, मुलगा बॅट उचलतो, गृहिणी पाण्याची बादली उचलते. हाड मात्र अद्याप कच्चेच असते. सुश्रुताने भग्न सांधण्यास तरुणपणी एक महिना, मध्यम वयात दोन व उतारवयात तीन महिने सांगितले आहेत. आजचा हिशेबही फार निराळा नाही: मुलांस तीन ते सहा आठवडे, मोठ्यांस सहा ते बारा. धूम्रपान करणाऱ्यांस अधिक काळ लागतो. अंगावर आपटण्याचे खेळ साधारण तीन महिने वर्ज्य.

याउलट भीतीने हात बांधूनच ठेवणेही हिताचे नाही; खांदा आखडतो. बोटे, मनगट व कोपर पहिल्या दिवसापासून हलवावे. वेदना कमी झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, किंचित वाकून हात लंबकासारखा हलके झुलवावा. हाडावर उंचवटा राहिला तर घाबरू नये. तो सांध्याचाच पुरावा.

पालकांस एक विनंती. उजवी हासळी मोडली आणि परीक्षा तोंडावर आली, तर मुलाकडून बळेच लिहून घेऊ नये. शाळेस वेळीच कळवून लेखनिकाची परवानगी मागावी. मोडलेले हाड सांधण्याचे काम निसर्ग करतो. त्यास अवधी देणे एवढेच आपल्या हाती आहे.